सारजाबाईंनी मला बकरी ओळखायला शिकवलं

मी एक जुना मोबाईल आहे, मित्रांनो. माझ्या काचेला तडा गेला आहे आणि मागचं झाकण रबराने बांधलेलं आहे. तरीही माझी गोष्ट ऐका. जे माझ्या बाबतीत घडलं, त्याचं नवल मला अजून वाटतं.

एका मोठ्या कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी माझे भाग जोडले. माझ्या पाठीवर त्यांनी एक बारीकसा कॅमेरा बसवला. पुढे केजच्या एका दुकानातून बंकटने मला विकत घेतलं. करोनामुळे शाळा बंद होत्या आणि त्याची मुलगी ऋतुजा आठवीत होती. घरात रेंज येत नसे, म्हणून ती मला घेऊन टेकडीवर जायची आणि दगडावर बसून धडे ऐकायची. ती पहिली आली तेव्हा बंकटने सगळ्या वस्तीला मला दाखवलं होतं. तो माझ्या कौतुकाचा काळ.

मग ऋतुजा कॉम्प्युटर शिकायला अंबाजोगाईला गेली आणि तिच्या हातात नवा मोबाईल आला. मला एका कापडी पिशवीत घालून खुंटीला अडकवलं गेलं. वर्षभर मला कुणी चार्जसुद्धा केलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर बंकट ऊसतोडीला गेला. घरी त्याची बायको सारजाबाई आणि बावीस बकऱ्या राहिल्या. ऋतुजा सुट्टीवर आली होती. भाकरी खाता खाता ती म्हणाली, "माय, कॉम्प्युटरला आता माणसाचा चेहरा ओळखता येतो."

सारजाबाईंचा घास हातातच राहिला. "त्येला कोण शिकवतं?"

"माणसंच शिकवतात. त्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. एआय."

"मग मला बी शिकायचं हाय ते."

ऋतुजा हसली. पण आईचा चेहरा पाहून तिचं हसू थांबलं. सातवीत शाळा सुटलेली ही बाई खरंच विचारत होती. ऋतुजा उठली आणि तिने मला खुंटीवरून काढलं.

माझ्यात जागा थोडीच उरली होती. शिकवणारं एकच ॲप मावणार होतं, म्हणून नीट निवडावं लागणार होतं. ऋतुजाने एक रंगीबेरंगी ॲप घेतलं. लाखो लोक ते वापरतात, असं तिथे लिहिलं होतं. उघडताच त्याने माझ्यात साठवलेले सगळे फोन नंबर मागितले, ठावठिकाणा मागितला. ऋतुजा सवयीने 'हो' दाबणार, तोच सारजाबाईंनी तिचा हात धरला.

"शिकवायला आलंय ना हे? मग आपले नंबर कावून पायजेत त्येला?"

ते ॲप गेलं. दुसरं नावाला मराठी होतं, आत सगळी इंग्रजी. शिवाय माळावर रेंज जाताच ते मुकं व्हायचं. तेही गेलं.

तिसरं अगदी साधं होतं. एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालायचं आणि काढलेले फोटो माझ्यातच ठेवायचं. पहिल्याच धड्यात एका बाईचा आवाज मराठीत म्हणाला, "मी सांगते ते तपासून बघा. माझंही चुकू शकतं."

"हे ऱ्हाऊ दे," सारजाबाई म्हणाल्या. "आपलं चुकतं म्हणणारा मास्तर म्या पहिल्यांदाच बघितला."

ऋतुजा कॉलेजला परत गेली. त्यानंतर मी रोज सारजाबाईंबरोबर माळावर जाऊ लागलो. बकऱ्या चरत आणि सारजाबाई बाभळीखाली बसून धडे ऐकत. मशीनला नियम सांगायचे नसतात, भरपूर उदाहरणं दाखवायची असतात, हे त्यांना चटकन उमगलं. "लेकरागत हाय की हे," असं त्या मला म्हणाल्या.

तिसऱ्या धड्यात स्वतः मशीनला शिकवायचं होतं. सारजाबाईंनी चांदी आणि मोरी या दोन बकऱ्या निवडल्या. दोघी काळ्याभोर. चांदीच्या कपाळावर पांढरा ठिपका, तर मोरीच्या कानांवर पांढरे शिंतोडे. मोरीची आई साप चावून मेली होती. सारजाबाईंनीच तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं आणि आता ती गाभण होती.

मी दोघींचे चाळीस-चाळीस फोटो काढले. मग सारजाबाईंनी मोरीला माझ्यासमोर धरलं. मी ऐटीत सांगितलं, "चांदी."

त्या बुचकळ्यात पडल्या. चांदीचे सगळे फोटो त्यांनी पुन्हा एकेक करून बघितले आणि एकदम खळखळून हसल्या. सगळे फोटो विहिरीच्या कठड्यापाशी काढलेले होते आणि मोरी आत्ता त्याच कठड्यापाशी उभी होती.

"आगं बया! हे बकरी न्हाई वळखत, भिंत वळखतंय!"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उन्हात, सावलीत, समोरून, बाजूने, चरताना, बसलेल्या असताना असे फोटो काढले. आठ दिवसांनी मी मोरीला मोरी म्हणालो. मित्रांनो, इतकी वर्षं माझ्याकडे कॅमेरा होता. पण समोर कोण आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तेही एका बकऱ्या राखणाऱ्या बाईमुळे!

महिनाभराने पाझर तलावावर घोटाळा झाला. पलीकडच्या वस्तीचे राधाकिशन आपला कळप पाण्यावर घेऊन आले होते आणि सारजाबाईंच्या बकऱ्याही तिथेच होत्या. इतक्यात कुत्री अंगावर आली आणि दोन्ही कळप एकमेकांत मिसळले. वेगळे करताना राधाकिशनची एक बकरी कमी भरली. त्यांनी मोरीची दोरी धरली.

"ही माझी हाय. शिंतोड्या कानाची."

"न्हाई भाऊ, ही मोरी हाय. म्या हातानं दूध पाजलंय तिला."

शब्दाला शब्द वाढला. माणसं जमली. वस्तीतले वडीलधारे सुंदरराव आले. कुणीतरी म्हणालं, "सारजाबाईचा मोबाईल बकऱ्या वळखतो म्हणं. त्येलाच इचारा."

मला मोरीसमोर धरलं. मी म्हणालो, "मोरी. एक्क्याण्णव टक्के खात्री."

एकाने हौसेने राधाकिशनच्याच कळपातली एक तांबूस बकरी पुढे ओढली. "आता ही सांग." मी तितक्याच ठामपणे म्हणालो, "चांदी. एकोणनव्वद टक्के."

"ही बी सारजाबाईचीच निघाली!" लोक ओरडले. "मशीन खोटं बोलतंय व्हय?"

राधाकिशनचा चेहरा पडला. सारजाबाई गप्प राहिल्या असत्या, तर मोरी राहिली असती आणि वर आणखी एक बकरी मिळाली असती. मी त्यांच्या तळहातावर होतो. त्यांनी मला बकरीसमोरून बाजूला घेतलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "ही माझी न्हाई. हे चुकतंय."

"आन मगाशी बरोबर होतं व्हय?" सुंदररावांनी विचारलं.

"त्ये बी धरू नका, तात्या. म्या त्येला दोनच बकऱ्या शिकवल्यात. तुमी म्हैस दावली तरी त्ये दोन्हीतलं एक नाव घेईल. मोरी माझी हाय, पर ह्या मोबाईलच्या सांगण्यानं न्हाई."

हातातला पुरावा त्यांनी स्वतःच सोडून दिला. राधाकिशननी तांबूस बकरी आपल्याकडे घेतली आणि मोरीची दोरी सारजाबाईंच्या हातात दिली.

"जी बाई माझी बकरी मला परत देती, ती दुसऱ्याची कशाला धरंल? माझी कुठंतरी चुकली असंल. बघतो म्या."

त्यांची शिंतोड्या कानाची बकरी दुसऱ्या दिवशी तलावापलीकडच्या झुडपात सापडली. ते स्वतः सांगायला आले आणि बराच वेळ ओसरीवर घुटमळले.

"सारजाबाई, ते ॲप माझ्या मोबाईलमधी बी टाकून द्या की. पर आधी सांगा, ॲप घेताना काय काय बघायचं?"

आज मी बावीसही बकऱ्या ओळखतो. शिवाय 'ओळखू आली नाही' असंही मी म्हणतो. तेही सारजाबाईंनीच मला शिकवलं.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा जुना मोबाईल पडून असेल. त्याला चार्ज करा आणि काहीतरी शिका. ॲप घेताना ते काय देतं हे बघा, आणि काय मागतं हेही बघा. आम्हाला शिकवाल तसे आम्ही घडतो. आमचं चुकलं तर चारचौघांत सांगायला लाजू नका, मग त्या चुकीत तुमचा फायदा का असेना. आमच्याजवळ फक्त टक्के आहेत. खरं काय ते तुम्हालाच बोलावं लागेल.