दर अकरा पावलांवर

"पट्टीकाका, हे मधले सपाट टप्पे काढून टाकूया. उतार सलग छान दिसेल," मॅडम नकाशावर पेन्सिल टेकवत म्हणाल्या.

"राहू द्या, मॅडम."

मॅडम चमकल्या. तीस वर्षं फूटपट्टी खिशात घेऊन फिरणाऱ्या या नकाशेकाराला 'हो' खेरीज काही बोलता येतं, हे ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. नकाशा होता कामातून सुटलेल्या म्हाताऱ्या घोड्यागाढवांच्या आश्रयस्थानाचा. वर टेकडीच्या कुशीत तबेले, खाली ओढा आणि मधे झाडांना वळसे घालत जाणारी एकच वाट, जनावरांची आणि माणसांचीही.

"पण दर अकरा पावलांवर का? हा आकडा कुठल्या पुस्तकातला?"

"पुस्तकातला नाही. मोजलाय."

कुणाला मोजलं, ते काकांनी सांगितलं नाही. टप्पे मात्र राहिले.

मोजलं होतं बायकोला. तिचे गुडघे गेले होते, दम लागायचा. काका तिला घरातल्या लांबट पडवीत चालवायचे आणि ती भिंत धरून थांबली की तिथे खडूनं रेघ मारायचे. रेघ अकराव्या पावलाच्या पुढे कधी गेली नाही.

"माझं माप घेऊन गाढवाला झबलं शिवताय होय?" ती धापा टाकत हसायची. "अहो, गाढवांचं झालं की आपल्या दारातल्या चार पायऱ्यांचंही बघा. दोन वर्षं रस्त्याला पाय लागला नाही माझा."

"या महिन्यात नक्की करतो."

चार पायऱ्यांवर एक उतार. नकाशा अर्ध्या तासाचा, गवंडीकाम दोन दिवसांचं. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दिवसभर जगाचे उतार काढून काका घरी यायचे, आणि त्या पायऱ्या स्वतः दोन ढांगांत चढून जायचे.

"उद्घाटनाला तुला नेणार आहे मी," ते एकदा म्हणाले.

"उतरवणार कशी?"

"उचलून."

"या वयात? चौघं लागतील हो."

चौघंच लागले. उद्घाटनाच्या महिनाभर आधी ती गेली, आणि शेजारच्या चौघांनी तिला त्या पायऱ्या उतरवल्या. काका मागून चालत होते. उतार केला नाही, एवढंच त्यांच्या मनात घोळत होतं.

उद्घाटनाच्या सकाळी भाषणं आटोपल्यावर जनावरांच्या डॉक्टरांनी पहिली गाढवीण ओढ्यावरून वर आणायला घेतली. म्हातारी, पाठीवर जुन्या ओझ्याचे वळ. पहिल्या टप्प्यावर आली आणि थांबली. तिच्या बरगड्या वरखाली होत होत्या.

"बघा, बरोबर इथेच थांबली," डॉक्टर म्हणाले. "काका, नेमकं मोजलंत. कुणावर?"

"आमच्या घरी," काका म्हणाले. डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

लोक पुढे निघाले. डॉक्टरांनी दोर जरा ओढला.

"ओढू नका," काका म्हणाले. "निघेल तिची ती."

त्यांनी दोर आपल्या हातात घेतला, सैल सोडला आणि ते तिच्या शेजारी उभे राहिले, तिनं पुढचा पाय उचलेपर्यंत.