मंगळीवैनीचा खांदा

आषाढात परमेश्वर हेगड्यांच्या बागेत सुपारीवर औषध मारताना माझ्या वैनीचा, मंगळीचा, उजवा हात खांद्याशी आला आणि तिथंच अडला. दोटी हातातून सुटली. साठ फुटांची ती काठी दोन झाडांना घासत खाली आली, म्हणून कुणाच्या डोक्यात बसली नाही.

"काय गं, काय झालं?" माझा भाऊ बोम्मा धावला.

"हात वर जाईना." एवढंच बोलून ती चिखलात बसली.

आमच्या गावात दोटी चालवणारी ती पहिली बाई. पूर्वी गडी झाडावर चढून घड उतरवायचे. आता ही काळी हलकी काठी आली. जमिनीवर उभं राहायचं, वर बघायचं आणि टोकाच्या कोयत्यानं घड कापायचा. पावसाळ्यात त्याच काठीला नळी बांधून मोरचूद-चुन्याचं पाणी मारायचं. शिरसीत शिकवणी होती, तेव्हा पंचवीस गड्यांत ही एकटी बाई. पण तीन वर्षांत तिच्या हातून एक घड वाया गेला नव्हता. लोक बोम्माला "मंगळीचा नवरा" म्हणायला लागले होते, आणि बोम्मालाही त्याचं काही वाटत नव्हतं.

त्या दिवशी शेजारच्या बांधावर सुब्राय नायकाची टोळी होती. तो मोठ्यानं म्हणाला, "बोम्मा, बायकोला चुलीकडे ने. लाटणं हलकं असतं."

बोम्मानं दोटी उचलून बाजूला ठेवली. घरी येईपर्यंत वैनीनं खालचा ओठ दातात धरला होता, तो मी पाहिला.

मग घरचे उपाय झाले. मावशीनं गरम तेल लावून खांदा असा रगडला की दुसऱ्या दिवशी तो आणखी सुजला. उजव्या कुशीवर निजता येईना. पोलक्यात हात घालताना डोळ्यांत पाणी यायचं. नवरा वारल्यापासून मी माहेरीच असते, त्यामुळे वैनीचा अंबाडा घालायचं काम माझ्याकडे आलं.

"बेळ्ळी, जरा हळू. केस आहेत, गवत नाही," ती ओरडायची.

"मग बस मोकळे सोडून. सुब्राय भुतालाच घाबरतो, तेवढं तरी होईल."

ती हसायची आणि हसतानाच कळ येऊन थांबायची.

तिसऱ्या आठवड्यात मी तिला शिरसीला नेलं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, हाड शाबूत असल्याचं सांगितलं आणि व्यायामाच्या डॉक्टरबाईंकडे धाडलं. त्या गदगकडच्या, नाव सहना. वयानं लहान, पण बोलणं ठाम. त्यांनी वैनीचा हात कुठे अडतो, कुठे दुखतो ते नीट पाहिलं.

"खांद्याच्या हाडांमध्ये एक पातळ पिशवी असते, आत जरासं पाणी. घासू नये म्हणून घातलेली गादी समजा," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं हात वर धरून धरून तुम्ही ती चेमटवलीत. ती सुजलीय."

"मग ती काढून टाका," वैनी म्हणाली.

"गादी काढली तर निजायचं कशावर?"

वैनीला ते पटलं. पण पुढचं पटेना. तीन आठवडे हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. निजताना डाव्या कुशीवर आणि उजव्या हाताखाली उशी. दिवसातून तीनदा फडक्यात गुंडाळलेला बर्फ. आणि व्यायाम काय, तर डावा हात टेबलावर टेकून वाकायचं आणि उजवा हात विहिरीत सोडलेल्या दोरासारखा सैल सोडून हळूहळू फिरवायचा.

बसमध्ये वैनी म्हणाली, "एवढ्यासाठी डॉक्टर व्हावं लागतं? हात लोंबकळवायला?"

"तुला तेही येत नव्हतं. दगडासारखा आवळून धरला होतास," मी म्हटलं. खरं होतं ते. सैल सोडा म्हणून बाईंनी दहा वेळा सांगितलं होतं.

घरात फ्रिज नव्हता. कुमट्याहून स्कूटरवर मासे आणणारा इस्माईल रोज सकाळी खोक्यातला डबाभर बर्फ द्यायला लागला; तो आम्ही भाताच्या तुसात पुरून दिवसभर पुरवायचो. चौथ्या दिवशी पुन्हा शिरसीला गेलो, तेव्हा बाईंनी वैनीच्या खांद्याला हात लावला आणि नाक मुरडलं. "मंगळीअक्का, बांगड्याचा वास येतोय."

"बांगडा नाही, आज तारली होती," वैनी म्हणाली, आणि त्या दोघी पहिल्यांदा एकत्र हसल्या. त्या दिवसापासून "डॉक्टरबाई" गेलं आणि "सहना" आलं.

दुखणं उतरत चाललं तसे व्यायाम बदलले. पाठीवरची खांद्याची पाती मागे ओढून धरायची. बोटांनी भिंतीवर कोळ्यासारखं चढायचं आणि जिथपर्यंत न दुखता पोचेल तिथं कोळशानं रेघ मारायची. मग रबराची पिवळी पट्टी आली. ती पडवीच्या खांबाला बांधायची, कोपर बरगडीला चिकटवायचं आणि हात बाहेरच्या अंगाला ओढायचा. बोम्मा रोज रेघा मोजायचा. "आज बोटभर वर," म्हणून गोठ्यापर्यंत ऐकू जाईल असं सांगायचा.

पाचव्या आठवड्यात बरं वाटायला लागलं आणि वैनीनं घात केला. आम्ही कुणी नाही असं बघून हिरव्या पाल्याचा भारा एकटीनं डोक्यावर चढवला. संध्याकाळी हात पुन्हा पोटाशी. त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी म्हणाली, "सुब्राय खरं बोलला. संपलं माझं."

मी तिला ओढतच नेलं. वाटलं, सहना आता फैलावर घेणार. पण त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही दोटी धरता कशी? मला बघायचंय."

रविवारी त्या हेगड्यांच्या बागेत आल्या. बोम्मानं दोटी धरून दाखवली, वैनी शेजारी उभी राहून सांगत होती. अख्खा भार हातांवर, कोपरं कानापाशी, मान मागे मोडलेली, असं घटकान्‌घटका. सहना चार अंगांनी फिरून बघत राहिल्या.

"खांदा मी बरा करीन," त्या शेवटी म्हणाल्या. "पण असंच धरलंत तर पुढच्या वर्षी पुन्हा याल. हात खाली राहून काठी वर राहील असं काही करता येईल?"

वैनीनं काठीच्या बुडाला हात लावून पाहिलं. मग म्हणाली, "बेळ्ळी, देवीच्या जत्रेत निशाणाची काठी धरतात ती कशी गं?"

"कमरेला पट्टा, त्याला चामड्याची खोळ. काठीचं बूड त्यात."

"मग माझी दोटी काय देवाहून जड आहे?"

शिरसीच्या चांभाराकडून तसा पट्टा शिवून घेतला. पहिल्यांदा खोळ फार खोल झाली, काठी वळेना. दुसऱ्यांदा बरोबर बसली. आता भार कमरेवर, कोपरं अंगाशी, आणि काठी फिरवायची ती पायांनी, सगळं अंग वळवून. सहनांनी आधी वीस फुटांची काठी द्यायला लावली, आठवड्यानं तीस फुटांची. पिवळी पट्टी जाऊन लाल आली, लाल जाऊन हिरवी. दसऱ्याच्या सुमाराला कोळशाची रेघ तिचा हात पुरेल तिथंवर, अगदी वाशाखाली पोचली. त्या दिवशी वैनीनं माझ्या हातातून फणी काढून घेतली आणि स्वतःचा अंबाडा स्वतः घातला. मी उगाच चूल फुंकत बसले, कारण डोळे भरले होते.

कार्तिकात हेगड्यांच्या बागेची तोडणी निघाली. वैनी कामावर येणार म्हटल्यावर सुब्राय म्हणाला, "धनी, ओढ्याकाठची बाग तिला द्या. खांदा बरा झालाय ना? आम्ही वरची घेतो." ओढ्याकाठची झाडं हेगड्यांच्या आजोबांनी लावलेली, सत्तर फुटांच्या घरात, आणि वारं सतत. हेगडे चाचरले. "मंगळी, जमेल का? नाहीतर निम्मी निम्मी करू."

"सगळी द्या, धनी. फक्त मी मध्ये मध्ये थांबीन, तेव्हा कुणी घाई करायची नाही."

पहिल्या दिवशी वीस झाडं झाली की ती दोटी टेकवायची, वाकून हात सैल सोडून झुलवायची, खांद्याची पाती मागे ओढायची, पाणी प्यायची. वरून सुब्रायची माणसं खिदळायची. "बघा रे, नाच चाललाय!"

वैनी मान वर न करता म्हणायची, "तिकीट काढलंय का?"

खाली बोम्मा आणि मी जाळं धरून उभे. वाऱ्यानं काठीचं टोक डोलायचं. वैनी वाट बघायची, टोक स्थिरावलं की एक पाऊल, कमरेतून एक हिसका, आणि घड सळसळत जाळ्यात. एकामागून एक. दुपारी वरचे आवाज कमी झाले. तिसऱ्या प्रहरी सुब्रायचे गडी दर पाच झाडांना बसत होते आणि वैनी सकाळच्याच चालीनं चालली होती.

दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या आत ओढ्याकाठचं शेवटचं झाड आलं, सगळ्यांत उंच. तेवढ्यात सहनाही शिरसीहून येऊन बांधावर उभ्या राहिल्या होत्या. वैनीनं दोटीचा शेवटचा जोड लावला, बूड खोळीत बसवलं. काठी वर गेली, वाकली, सावरली. पहिला घड आला, दुसरा आला, तिसरा पानात अडकला. ती दोन पावलं मागे सरली, अंग वळवलं, आणि तोही आला. एक सुपारी जमिनीवर पडली नाही. वरच्या बागेत सुब्रायची अजून चाळीस झाडं उभी होती.

बोम्मानं जाळं टाकून अशी आरोळी ठोकली की ओढ्यापलीकडची वानरं पळाली. हेगडे स्वतः गूळ-पाणी घेऊन आले. वैनीनं उजवा हात सरळ आभाळाकडे उचलला, कानाला चिकटवला आणि बांधाकडे बघून ओरडली, "सहना, बघ!"

"बघतेय गं!" बाई पहिल्यांदाच तिला अगं-तुगं करत ओरडल्या आणि सँडल हातात घेऊन चिखलातून धावत आल्या.

गर्दी पांगल्यावर सुब्राय जवळ आला. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "मंगळीअक्का, तो पट्टा कुणी शिवला? माझाही हात गेले दोन महिने..."

वैनीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता लाटणं निघणार. पण ती म्हणाली, "आधी वाक. डावा हात त्या झाडाला टेकव. उजवा सोड. सैल सोड म्हणते ना, आवळतोस कशाला?"

आणि सुब्राय नायक, वरच्या बांधावरून बघणाऱ्या आपल्या सात गड्यांच्या देखत, झाडाला टेकून हात झुलवायला लागला.