कुडामागचा आवाज

"थांब, हर्षाली. आवाज काढू नकोस."

आईची भूमिका करणारी हर्षाली थबकली. गंगापूर रोडवरच्या त्या हॉलमध्ये मुलं अजून हसत होती. तिने स्वतःच्या आईचा आवाज अगदी हुबेहूब काढला होता.

"पण सर, माझी आई अशीच बोलते."

"म्हणूनच थांबवलं. ती चिडली की काय करते, ते कर. भांडी आपटते? की गप्प होऊन कणीक मळायला घेते? तिला तुझ्याकडून काय हवंय ते शोध. आवाज तिचा तिच्याजवळ राहू दे."

मंगळू गावित सरांच्या क्लासचा हा पहिला नियम. रडण्याचा प्रसंग असला तरी ते रडायला सांगत नसत, हाताला काम देत. नकलेला मात्र सक्त मनाई. का, ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

मागच्या खुर्चीवर त्यांची धाकटी बहीण मीना तान्ह्या लेकीला घेऊन बसली होती. पोरीला डॉक्टरला दाखवायला ती सुरगाण्याहून आली होती. मुलं चहाला खाली उतरली तशी ती म्हणाली, "दादा, चांगली करत होती की ती पोर. का थांबवलीस?"

मंगळू खिडकीजवळ जाऊन उभा राहिला.

तो दहा वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. भाताची कापणी आटोपल्यावर आईबाप जीपमध्ये बसून द्राक्षबागांच्या कामाला गेले. परत आला तो एकटा बाप. आई, तानुबाई, तिकडेच तापाने गेली. मीना जेमतेम तीन वर्षांची. तिला कोणी काही सांगितलं नाही. मग तीही तापली. आंबिलीचा घोट घेईना, नुसती आईला हाका मारी. पोरांना सांभाळणारी नवसाआत्या अगदी मेटाकुटीला आली. तेव्हा मंगळू कुडाच्या भिंतीमागे गेला आणि आईच्या आवाजात म्हणाला, "पी गं मीने. मी हाय इथंच. भात कांडते."

मीना प्यायली.

पण बारकू, त्याचा बाप, नेमका अंगणात पोचला होता. डोक्यावरची मोळी टाकून तो धावत आत शिरला. "तानू! आलीस?"

कुडामागे पोरगा दिसला. बारकूने त्याच्या मागेही बघितलं.

आता मार बसणार, असं मंगळूला वाटलं. बापाने हात उचलला नाही. बाहेर जाऊन टाकलेली मोळी उचलून रचली. काही दिवसांनी एका संध्याकाळी तो हळूच म्हणाला, "जा रं, बोल जरा मीनाशी." आणि स्वतः बाहेर कुडाला पाठ लावून बसला.

मग ते रोजचंच झालं. मीना बरी झाली, आई कुठे गेली हेही तिला कळलं, तरी बाप शेतावरून येई, हातपाय धुई आणि कुडाला टेकून वाट बघत बसे. काय बोलायचं ते कधी सांगत नसे. अशी काही वर्षं गेली आणि एक दिवस मंगळूचा आवाज वाक्याच्या मधेच फुटला. त्याने पुन्हा सुरुवात केली, तीही घोगरी. बाहेर बाप उठला. त्याची पावलं शेताच्या दिशेने गेली. पुढे मंगळू शिकायला नाशिकला आला, नाटकांत रमला, शिकवू लागला. पण नक्कल त्याने पुन्हा कोणाचीच केली नाही.

"तू लहान होतीस," तो खिडकीजवळूनच म्हणाला. "मी तुला फसवायचो."

"फसवायचास कुठं? कुडाच्या फटीतून तू दिसायचास की."

मंगळू वळला. "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू थांबला असतास." मीनाने लेकीच्या अंगावरचं फडकं सारखं केलं. "मला आवडायचं ते. पण आईचा खरा आवाज कसा होता रं? तू तर ऐकलाय. ही मोठी झाल्यावर विचारील."

मंगळूने डोळे मिटले. आईचे हात आठवले. दमली की मुसळ एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायची तिची लकब आठवली. हाक मारताना मान कशी वळायची, तेही दिसलं. तिचे ओठ हलले. ऐकू आला तो मात्र एका दहा वर्षांच्या पोराचा बारीक आवाज. आठवणीत त्याने आणखी मागे जाऊन पाहिलं. तिथे काहीच नव्हतं.

जिन्यात मुलांची पावलं वाजली. रुद्रने दार ढकलून विचारलं, "सर, येऊ का?"

मंगळूने डोळे उघडले आणि तो मीनाकडे बघत राहिला. रुद्र दारातच ताटकळला.

मीनाने लेकीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "या रं पोरांनो," ती तशीच मान वळवून म्हणाली, "आत या."