स्पिरिटच्या खोलीतले दिवे

माजिवड्याच्या रंगाच्या कारखान्यात दोन माणसं जमली की धोंडीबा वायरमनची थट्टा सुरू व्हायची. कारण होतं स्पिरिटची खोली. तिथं पिंपांतून डब्यांत असला पातळ माल भरायचे, की त्याच्या वाफेला एक ठिणगी बस्स. म्हणून तिथले दिवे विलायतेहून आणलेले, ओतीव लोखंडाच्या जाड डबीतले. बल्ब बदलायचा तर मेन बंद करून, आणि नंतर एक बोल्ट ढिला राहता कामा नये, हा धोंडीबाचा दंडक. "हा बायकोला विसरंल, बोल्टाला नाही," असं लोक म्हणायचे. म्हणोत बापडे, म्हणायला काय लागतं?

१९५४ साली त्यानं धाकट्या भावाला, रतनला, जुन्नरकडच्या गावाहून आणून त्याच खोलीत चिकटवलं. नोकरी बघून रतनचं लग्नही जमलं. मुलगी कल्याणची, मंदाकिनी, आणि मुहूर्त दिवाळीनंतरचा.

खंडेनवमीला सगळ्या खात्यांतली यंत्रं घासूनपुसून झेंडूनं नटली. स्पिरिटच्या खोलीत मात्र उदबत्ती नाही, निरांजन नाही. रतनला ते लागलं. दादाच्या दिव्यांनीच काय पाप केलंय? धोंडीबा वायर आणायला ठाण्याच्या बाजारात गेलेला. रतननं मेन बंद केला, दिवे उघडले. झाकण डबीवर टेकतं त्या कडेला तांबूस गंजाचे डाग होते. ते त्यानं पॉलिश पेपरनं घासले, कडा चांदीसारख्या लखलखेपर्यंत घासले. मग सगळे बोल्ट जिथल्या तिथं आवळले आणि वरून हळदीकुंकू लावलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. घात करायला वाईट मन लागत नाही, नुसती हौस पुरते.

दसऱ्यानंतर कामावर आल्यावर धोंडीबानं हळदीकुंकू पाहिलं आणि एक दिवा उघडला. कडा लखलखत होत्या. त्या दिव्यांची सगळी मेख त्या कडांत असते. त्या केसाएवढ्या फटीनं बसवलेल्या असतात. वाफ आत शिरतेच. ती आत पेटली, तर जाळ त्या अरुंद फटीतून बाहेर येईस्तोवर थंड पडतो आणि खोली वाचते. धोंडीबानं झाकण बसवून फट मोजायची पातळ पत्ती घालून पाहिली. जी मुळीच शिरायला नको, ती लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. चारही दिव्यांची तीच गत.

तो मॅनेजर देवस्थळींकडे गेला.

"साहेब, खोली बंद ठेवा. दिवे कामातनं गेले."

"पेटत नाहीत का?"

"पेटतात. तेच तर."

देवस्थळींनी चष्मा काढला. "नवे दिवे बोटीनं यायचे. सहा महिने कुठं गेले नाहीत. तोवर कारखाना काय दिवसाच्या उजेडात चालवू? त्या खोलीला खिडकी तरी आहे का? पूर्वीही काही झालेलं नाही, धोंडीबा. जा."

सरकारी इन्स्पेक्टरकडे जाता आलं असतं. पण मग कारखान्याला टाळं लागलं असतं आणि साऱ्या कामगारांच्या चुली विझल्या असत्या. तेवढी छाती धोंडीबाची नव्हती, आणि ते त्याचं त्यालाही ठाऊक होतं.

त्यानं रतनला समजावलं. "सोड ती खोली."

"आणि मुलीच्या बापाला काय सांगू? नोकरी बघून दिलीय त्यांनी मुलगी."

"जीव राहिला तर लग्न."

"दादा, तुला सगळीकडं जाळच दिसतो. सगळे बोल्ट घट्ट लावलेत मी, हवं तर मोज."

पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या दिवशी धोंडीबा पुन्हा साहेबांपुढं उभा राहिला. दिवे परवानगीवाचून कोणी उघडले, हे त्यांनी न विचारताच त्यानं सांगून टाकलं. नाव घेताना त्याची जीभ अडखळली नाही, कारण रात्रभर तो तेच नाव घोकत होता. खोली चालू ठेवून दोष टाकायला देवस्थळींना कोणीतरी हवंच होतं. दुपारच्या भोंग्याआधी रतनला हिशेब मिळाला.

मुलीकडच्यांनी आठवड्यात निरोप धाडला की स्थळ नको. रतननं वळकटी बांधली. धोंडीबानं त्याला सांगायचा प्रयत्न केला की तुला तिथून काढायला दुसरी वाट नव्हती. रतन दारातच थांबला.

"वैऱ्यानं केलं असतं तर सोसलं असतं," एवढंच तो म्हणाला आणि एस.टी.च्या वाटेला लागला. धोंडीबा ढसाढसा रडला. तरीही आत कुठंतरी त्याला हायसं वाटत होतं. पोरगा जिवंत जात होता.

तिसऱ्या दिवशी गुणाजी त्याच्या खोलीवर आला. खाडीकाठच्या मिठागरात राबून पायांची सालटं गेलेला हा शेजारचा माणूस. पदरात तान्हं मूल घेतलेली बायको सगुणाही बरोबर होती. तिच्या हातात पेढ्यांचा पुडा.

"धोंडीबादादा, मना काम मिललं," गुणाजी म्हणाला. "स्पिरिटच्या खोलीत. तुज्यामुलं जागा झाली."

धोंडीबानं सगळं सांगितलं. फट, वाफ, जाळ. गुणाजीनं ऐकून घेतलं आणि सगुणाकडं बघून जरासा हसला.

"समजलं," तो म्हणाला. "भावाला परत आनायचाय ना? मंग नीट सांग की. मी काय रागावनार नाय."

सगुणानं पुढं होऊन धोंडीबाच्या तळहातावर पेढा ठेवला. "खा," म्हणत तिनं गुणाजीकडं मान वळवली. "आता याचेवर तुजी नजर असूं दे."