दुसरा दांडा

हसनाबादेत गिरिधरनं न फसवलेला माणूस शोधायचा तर पाळण्यातच वाकून बघावं लागेल. पण नजीर म्हणजे त्याचा हक्काचा बकरा. तो जन्मभर फसला, जन्मभर शिव्या देत राहिला, आणि शिव्या देऊन दमला की त्याची बायको रहिमुन्निसा भज्यांची ताटली दोघांच्या मधे ठेवून म्हणायची, "पहिले गिरिधरभाईला." ती गेली आणि नजीरचं तोंडच आटलं. शिवी सोडा, हूं म्हणायलासुद्धा मिनतवारी करावी लागे. गिरिधरला त्याच्याकडून एक शिवी हवी होती, बस्स. शिवी आली की नजीर परत आला, असं त्यानं मनाशी धरलं.

म्हणून त्यानं व्हिडिओ गेमची पेटी बांधली. तरणेपणी भोकरदनच्या बाजाराला गेले की दोघं जिला गोचिडासारखे चिकटत, तशी. जुन्या कपाटाचं प्लायवूड, भंगारातला टीव्ही, मागवलेली बटणं आणि खेळणाऱ्यांनी पैलवान हलवायचे दोन दांडे. गेम दोन पैलवानांचा, गल्लीतल्या गुंडांना बडवायचा. खोडी अशी, की नजीरच्या दांड्याच्या वायरी त्यानं जोडल्याच नाहीत, चिकटपट्टी गुंडाळून आत मोकळ्या सोडल्या. नजीर दांडा पिळत बसेल, त्याचा पैलवान ठोंब्यासारखा मार खाईल, मंग येईल शिवी.

नजीर बसला, आणि त्याचा पैलवान चालू लागला.

संध्याकाळी गिरिधरनं मागची फळी उघडली. वायरी जशाच्या तशा लोंबत होत्या.

"सर्किटची भानगड आहे," तो बायकोला म्हणाला.

"तुमच्या डोक्याची," कल्याणी कणीक मळता मळता म्हणाली.

त्यानं सर्किट बदललं, टीव्ही काढून पातळ पडदा बसवला, नवे स्पीकर लावले. त्या वायरी तेवढ्या हट्टानं मोकळ्याच ठेवल्या. दर सुधारणेला दुसरा पैलवान आणखी शहाणा होत गेला. गल्लीत खाण्याचं ताट दिसलं की तो बाजूला सरायचा, गिरिधरच्या पैलवानाला पुढं जाऊ द्यायचा. ते पाहून गिरिधरच्या तोंडाची चव गेली. नजीरचा हात दांड्यावर नुसता टेकलेला असे, चेहऱ्यावर मात्र पुन्हा रंग चढत होता.

"तुझा दांडा बराबर जोडून देऊ का रे?"

"बिलकुल न्हाई," नजीर म्हणाला. "चांगलं चालून राह्यलं."

गावाची गंमत करणाऱ्याला आपली गंमत कोण करतंय हे न कळणं सोसत नाही. एका दुपारी गिरिधरनं चिकटपट्टी सोडली, वायरी घट्ट जोडल्या आणि फळीचे स्क्रू कचकचून आवळले.

नजीर आला, हात टेकवून बसला. पैलवान हलेना. नजीरनं दांडा किंचित रेटला, तो एक पाऊल चालला. सोडला, तो थांबला.

"जोडलंस?"

"जोडलं."

"गधे," नजीर म्हणाला, "कोंडलंस ना तिला." आणि मग साठवलेल्या सगळ्या शिव्या एकामागून एक आल्या. गिरिधरला इतका आनंद झाला की तो हसायलाच लागला. मग त्याचं लक्ष गेलं. नजीरचे दोन्ही हात मांडीवर होते आणि दांडा हलत होता, डावीकडे, उजवीकडे, आत कोंडलेल्यानं दाराची कडी चाचपावी तसा, आणि दर खेपेला थोडा कमी.

गिरिधर पेचकस घेऊन पेटीमागं धावला. घाईत पातं खाचेत बसेना. पलीकडून नजीर हलक्या आवाजात दांड्याला समजावत होता, "जरा दम धर. काढतोय तो, जल्दी काढतोय."

गिरिधरनं शेवटचा स्क्रू काढला, तेव्हा नजीरचं समजावणं थांबलं होतं आणि दांडा हलायचा बंद होऊन सरळ उभा होता.