पाकिटातलं पिंपळपान

प्रशिक गेल्याचा फोन आला तेव्हा भैय्याजींच्या मांडीवर नेहमीप्रमाणे पुस्तक उघडं होतं. परदेशात गोदामात कामाला असलेला त्यांचा तिशीतला मुलगा, छातीत कळ आली आणि संपला. देह नागपूरला आणायची ऐपत नव्हती. त्याचा तिथला मित्र संघपाल बुद्धवंदना म्हणून अग्नी द्यायला तयार होता. फक्त बापाचं मूळ संमतिपत्र वीस तारखेच्या आत इस्पितळात पोचायला हवं होतं; नाहीतर तिथली नगरपालिका बेवारस म्हणून पुरून टाकणार होती.

संमतिपत्राचं पाकीट चिकटवायच्या आधी बायकोनं, प्रेमिलाबाईंनी, दीक्षाभूमीवरून आणलेलं वाळकं पिंपळपान पुढं केलं. "हे टाका जी. संघपाल त्याच्या छातीवर ठेवन."

कस्टमचे नियम भैय्याजींनी दोनदा वाचले होते. झाडपाला चालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्या चेहऱ्याकडे पाहून नाही म्हणवेना.

पोस्टाच्या खिडकीत कुसुमताई होत्या. "आत कागदंच हायेत ना काकाजी?"

"हो... म्हणजे..."

"दुसरं काही असन तर आत्ताच सांगा. तिकडे फोडून पाहतात."

"आटपा ना बाबाजी," रांगेतून कोणीतरी ओरडलं, "निबंध लिहून राहिले का?"

लोक हसले. भैय्याजींचे कान तापले. "कागदंच," ते पुटपुटले आणि सही केली.

सोळा तारखेला पाकीट तिकडे पोचल्याचं मोबाईलवर दिसलं. सतराला कस्टमने ते अडवलं. वीस तारीख उलटली तरी ते तिथंच होतं.

चोवीसला संघपालचा फोन आला. "पुरलं काका. नाव नाही, नुसता नंबर आहे. पाकिटात काही टाकलं होतं का?"

"पिंपळाचं पान."

"त्याच्यापायीच अडकलं मग," संघपाल म्हणाला.

बायकोला भैय्याजींनी एवढंच सांगितलं, की सगळं रीतसर झालं.

महिन्याने पाकीट परत आलं. संमतिपत्राची घडीही मोडली नव्हती. पान मात्र नव्हतं. नष्ट केल्याची शिक्का मारलेली चिठ्ठी होती.

"हे वापस काहून आलं जी?" प्रेमिलाबाईंनी विचारलं.

"काम झालं. कागद परत पाठवला त्यांनी."

"अन् पान?"

"तिकडंच राहिलं."

"मंग त्याच्यापाशीच असन." कित्येक दिवसांनी त्यांचा आवाज जरा सैल झाला.

भैय्याजींनी चिठ्ठी मुठीत आवळली.

"हो वं," ते म्हणाले. "त्याच्यापाशीच हाये."