करदोड्याखालचं बोट

नर्सबाईनं कात्री सटवाजीच्या करदोड्याला लावली, तसं बायनाबाईनं तिचं मनगटच धरलं.

"जित्या मानसाचा करदोडा तोडत न्हाईत, बाई. मी सोडते."

"मावशी, वेळ नाही."

वेळ नव्हताच. सटवाजीचं लिव्हर दोन वर्षांपासून खराब, पोट पाण्यानं तट्ट फुगलेलं. ते पाणी सुईनं काढून तपासायचं होतं. पण म्हणून काय कात्री? बायनाबाईनं नवऱ्यावर वाकून गाठीला सरळ दात लावले. गाठ सुटली. काळा दोरा तिनं आपल्या मनगटाला गुंडाळला.

दुपारी डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन आल्या.

"पाण्यात जंतू झालेत. लिव्हर असं असलं की दहातले तीन-चार जण यातून वाचत नाहीत. उशीर झाला तर जास्तच. पण ताप नाही, दुखणं नाही; मग तुम्ही ओळखलं कसं?"

"रोज सकाळी करदोड्याखाली बोट घालून बघते. आज बोट जाईना. वर हे मला, बायकोला, आक्का म्हनायलेत. म्हनलं, आता थांबायचं न्हाई. राणीसावरगावातून पहिलीच गाडी धरली."

"हे शिकवलं कोणी?"

"शिकवतंय कोन! तीस वर्सं उसाच्या मोळ्या बांधल्या. आवळ किती बसला, ते बोटाला कळतंय."

डॉक्टरीणबाईंनी शिकाऊ डॉक्टरांना बोलावून तिला सगळं पुन्हा सांगायला लावलं. बायनाबाईनं ताठ मानेनं सांगितलं. सांगताना मात्र ती मनगटावरचा दोरा चाचपत होती.

पाच दिवस सलाइनमधून औषध गेलं. डॉक्टरीणबाई रोज तिच्याकडं बोट करून विचारायच्या, "काका, ही कोण?"

"आक्का."

चौथ्या दिवशी तर तो नुसताच बघत राहिला. बायनाबाईला त्या दिवशी भाकर गेली नाही.

सहाव्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. सटवाजीनं तिच्याकडं नीट बघितलं. उभ्या जन्मात "आगं" सोडून त्यानं तिला दुसरी हाक मारली नव्हती. चारचौघांत बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे काय!

"बायनाबाई," तो साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाला. "माझी बायको. हिनं आनलं, म्हनून हाय मी."

"आगं बया! लोकं ऐकायलेत की!" तिनं पदर तोंडाला लावला.

मग मनगटावरचा दोरा सोडून तिनं तो जुन्या गाठीच्या खुणेवरच त्याच्या कमरेला बांधला, अन् खाली बोट घालून बघितलं. दोन बोटं गेली.